दोन मीटरवरचा चेहरा

पोर्ट्रेटसाठी जुनी मिडियम फॉरमॅट टेलिफोटो लेन्स घ्यायची आहे, कोणती घेऊ, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमची खोली केवढी आहे? समोरचा जरा गोंधळतो. त्याला एफ नंबर, कोटिंग, बोके यांवर बोलायचं असतं आणि मी टेप घेऊन भिंती मोजायला सांगतो. पण १८० मिलिमीटरची लेन्स घेणारा माणूस मुळात अंतर विकत घेत असतो. आपण आणि समोर बसलेला माणूस यांच्यात किती जागा राहणार, हे ती लेन्स आणि तिच्यामागची फिल्म मिळून ठरवतात.

चेहऱ्याचं प्रमाण आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात, कारण कॅमेरा अर्ध्या मीटरवर असतो आणि नाकाचा शेंडा कानांपेक्षा त्याच्या बराच जवळ पडतो. तोच चेहरा दोन मीटरवरून पाहिला की हा फरक विरून जातो आणि माणूस आपल्याला रोज समोर बसलेला दिसतो तसा दिसू लागतो. लेन्सचं काम एवढंच, की त्या दोन मीटरवरून चौकट भरून चेहरा आणि खांदे मिळावेत.

या कामासाठी मी जी लेन्स वापरतो आणि इतरांनाही सुचवतो, ती पूर्व जर्मनीतल्या कार्ल झाइस येना कंपनीची सोनार १८० मिमी, एफ २.८. पेंटाकॉन सिक्स या ६ बाय ६ सेंटिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी ती बनत असे. फिल्मवरची खरी चौकट साधारण ५६ मिलिमीटरची असते. दोन मीटरवरून या लेन्समध्ये सुमारे ५७ सेंटिमीटरचा चौरस मावतो, म्हणजे डोकं, खांदे आणि छातीचा वरचा भाग. नंतरच्या काळ्या लेन्स १.७ मीटरपर्यंत जवळ फोकस करतात. तिथे चौरस ४७ सेंटिमीटरचा होतो. दोन मीटर हे ओटीवर बसून गप्पा मारण्याचं अंतर आहे. आवाज न चढवता बोलता येतं आणि कॅमेरा कोणाच्या अंगावर येत नाही.

या लेन्सचं घराणं १९३६ पर्यंत मागे जातं. लुडविग बेर्टेले यांच्या सोनार रचनेवरून झाइसने तेव्हा कॉन्टॅक्स या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी १८० एफ २.८ काढली आणि बर्लिन ऑलिंपिकवरून तिला ऑलिंपिया सोनार हे नाव चिकटलं. (ध्यानचंदांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ हरवलं, तेच हे ऑलिंपिक.) सोनारमध्ये काचा एकमेकींना चिकटवून हवा आणि काच यांच्या सीमा कमी ठेवलेल्या असतात. लेन्सवर कोटिंग नसायचं त्या काळात प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परतायचा आणि चित्र फिकट पडायचं, म्हणून ही युक्ती मोलाची होती. १९५६ मध्ये प्रॅक्टिसिक्स हा ६ बाय ६ कॅमेरा आला, १९६६ मध्ये त्याचाच पुढचा अवतार पेंटाकॉन सिक्स, आणि सोनार त्या माउंटवर जर्मनी एक होईपर्यंतच्या काळात बनत राहिली.

युद्धानंतर झाइसचे दोन तुकडे झाले, एक पूर्वेला येनात आणि एक पश्चिमेला ओबरकोखेनमध्ये. नावांवरून दोघांचं कोर्टात जुंपलं. त्यामुळे पश्चिमेकडे निर्यात झालेल्या काही येना लेन्सवर ‘सोनार’ असं पूर्ण नाव नसून ‘आउस येना’ आणि नुसतं ‘एस’ कोरलेलं असतं. अशी लेन्स समोर आली तर ती नक्कल समजून सोडू नका. काच तीच असते.

आता खरेदी. बाजारात तीन रूपं भेटतात. सगळ्यात जुनी चांदीसारख्या अॅल्युमिनियमची, मधली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, जिला सगळे झेब्रा म्हणतात, आणि शेवटची पूर्ण काळी. शेवटच्या काळ्यांपैकी ज्यांच्यावर ‘एमसी’ कोरलेलं असतं त्यांना अनेक थरांचं कोटिंग आहे. उजेडाकडे तोंड करून फोटो काढण्याची सवय असेल तर एमसीच घ्या. ज्याला खिडकीजवळ शांतपणे काम करायचं आहे त्याने झेब्रावर समाधान मानायला हरकत नाही. जुन्या चांदीच्या लेन्समध्ये अॅपर्चरची पाती जास्त आहेत, त्यामुळे छिद्र लहान केल्यावरही गोल राहतं. पण तिथे अॅपर्चर आपल्या हाताने बंद करावं लागतं आणि बोलत्या माणसाचा फोटो काढताना ती एक हालचाल मला जड जाते.

लेन्स तपासायला जाताना मोबाइलचा टॉर्च पुरतो, पण तो वापरायची पद्धत आहे. अॅपर्चर पूर्ण उघडा, टॉर्च मागच्या काचेकडून तिरका धरा आणि पुढून पाहा. मग बाजू बदला. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे फाटे दिसले तर ती बुरशी. कडेशी एखादा ठिपका असेल तर कारागीर साफ करू शकतो. पण बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही डाग राहतो. मी घेतलेल्या पहिल्या लेन्समध्ये ‘थोडी धूळ आहे’ असं विकणारा म्हणाला होता. मी ऐन दुपारी, उन्हात उभं राहून, टॉर्च न लावता ‘बरं’ म्हणालो. घरी येऊन पाहिलं तर आत अख्खं वडाचं झाड उभं होतं.

बुरशीपेक्षा वाईट म्हणजे चिकटवलेल्या काचांमधला डिंक सुटणं. काचेच्या कडेशी साबणाच्या फुग्यासारखा रंगीत पट्टा किंवा पांढुरका चंद्रकोरीसारखा भाग दिसला तर लेन्स परत ठेवा. सोनारमध्ये चिकटवलेल्या जोडावरच सगळी भिस्त आहे आणि तो जोड उकलून पुन्हा बसवणारे हात आता फार थोडे उरलेत. पातळ, सारखा धूसरपणा मात्र बऱ्याचदा आतल्या ग्रीसच्या वाफेचा असतो आणि तो निघतो.

मग फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. या लेन्समधलं जुनं ग्रीस वाळून घट्ट होतं. अगदी कमी किंमत असेल तर घट्ट रिंगची लेन्स घेऊन ग्रीस बदलून घेणं परवडतं, पण मधेच अडकणारी, किंचित खरखरणारी रिंग नको, कारण आटे खाल्लेले असू शकतात. पात्यांवर तेल चढलेलं नाही ना, तेही पाहा. काळ्या लेन्समध्ये अॅपर्चर आपोआप बंद होतं. लेन्स बॉडीवर चढवून एफ ८ ठेवा, शटर दाबा आणि पाती चटकन मिटतात की सुस्तावतात ते पुढून बघा. सुस्तावलेली पाती म्हणजे प्रत्येक फ्रेम जास्त प्रकाशित.

वजन सव्वा किलोच्या घरात आहे आणि काळ्या लेन्सचा फिल्टर ८६ मिमीचा. चांगला पोलरायझर या मापात महाग पडतो, म्हणून मी तो विषयच बंद केलाय. हुड मात्र हवाच. मूळ हुड नसेल तर काळ्या कार्डपेपरची नळी गुंडाळून लावा, फक्त कोपरे कापले जात नाहीत ना ते पाहून घ्या.

इथे परत खोलीकडे येतो. बरेच लोक ही लेन्स अडॅप्टरने डिजिटल कॅमेऱ्यावर लावायला घेतात. पेंटाकॉन सिक्सच्या माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ७४ मिमी, म्हणजे ३५ मिमीच्या कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा बरंच जास्त, त्यामुळे अडॅप्टरला भरपूर जागा मिळते. कॅनन, निकॉन, सोनी सगळ्यांवर ती बसते आणि अनंतापर्यंत फोकस करते. पण सेन्सर फिल्मपेक्षा लहान आहे. तोच ५७ सेंटिमीटर उंचीचा चेहरा-खांदे फुल फ्रेमवर उभ्या चौकटीत घ्यायला तुम्हाला सुमारे तीन मीटर मागे जावं लागेल आणि एपीएस-सी सेन्सरवर साडेचार मीटर. दहा बाय बाराच्या खोलीत तीन मीटर म्हणजे तुमची पाठ भिंतीला आणि समोरच्याचीही. मागचं पुसट करायला मागे काही उरतच नाही! ४४ बाय ३३ मिमी सेन्सरच्या डिजिटल मिडियम फॉरमॅटवर अडीच मीटर पुरतात आणि तिथे ही लेन्स घरच्यासारखी वागते.

म्हणून माझं मत सरळ आहे. फुल फ्रेमवर लावण्यासाठीच ही लेन्स घेत असाल तर अंगण, गच्ची किंवा बाग हाताशी असू द्या. घरात काम करायचं असेल तर सोबत ६ बाय ६ ची बॉडी घ्या. खोली त्याहूनही लहान असेल तर त्याच माउंटवरची येनाचीच बायोमेटार १२० एफ २.८ जास्त उपयोगाची. ती हलकी आहे आणि तोच चौरस सव्वा-दीड मीटरवरून देते. हासेलब्लाडची १५० एफ ४ सोनार उत्तमच आहे, पण तिच्या पोटात शटर असतं आणि ते दुरुस्त करायचा खर्च वेगळा. मामियाच्या आरबी ६७ ची १८० एफ ४.५ डिजिटलवर लावायला जाऊ नका, तिला स्वतःची फोकस रिंगच नाही. फोकस कॅमेऱ्याच्या भात्यावर होतो.

डिजिटलवर लावलीच तर दोन गोष्टी. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या स्वतःच्या पायाला लावा. सव्वा किलो वजन कॅमेऱ्याच्या माउंटवर लोंबकळत ठेवलं तर माउंट वाकतो. आणि स्वस्त अडॅप्टरची आतली बाजू चकचकीत असते. लेन्स सेन्सरपेक्षा कितीतरी मोठं वर्तुळ फेकते, तो जास्तीचा प्रकाश त्या नळीवर आपटून फोटो फिका करतो आणि लोक लेन्सला शिव्या देतात. आत काळा मखमली कागद चिकटवा, फरक लगेच दिसेल.

बॉडीबद्दल थोडं. पेंटाकॉन सिक्स दिसायला ३५ मिमीच्या कॅमेऱ्याला खतपाणी घालून वाढवल्यासारखा आहे. त्याचा बदनाम दोष म्हणजे फ्रेम एकमेकींवर चढणं. १२० ची फिल्म भरताना ती ताठ बसवा आणि गुंडाळायचा लिव्हर शेवटपर्यंत फिरवून हातानेच सावकाश परत आणा, झटक्याने सोडू नका. फाइंडरमध्ये दिसतं त्याहून फिल्मवर थोडं जास्त येतं, हे चौकट बांधताना धरून चाला. त्याच माउंटचा कीव्हमधल्या आर्सेनल कारखान्याचा कीव ६० स्वस्त मिळतो आणि दणकट आहे. फक्त आवाज दरवाजा आपटल्यासारखा.

पेंटाकॉन सिक्सचा आरसा फोटो काढल्यावर वरच राहतो. पुढची फ्रेम गुंडाळेपर्यंत फाइंडर अंधारा. पहिल्या रोलला याचा मला राग आला होता, नंतर त्यातूनच कामाची पद्धत बसली. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटरला केबल रिलीज. फोकस केला की मान वर करायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत, बोलत केबल दाबायची. त्याने पापणी मिटली की नाही हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कमरेवर धरायचा फाइंडर असेल तर आणखी बरं, तुमचा चेहरा कॅमेऱ्यामागे लपत नाही. त्यात डावं-उजवं उलटं दिसतं, एवढी सवय करून घ्यावी लागते.

फोकसमध्ये मात्र हयगय चालत नाही. दोन मीटरवर एफ २.८ ला या चौकटीत जेमतेम तीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. डोळा स्पष्ट असला की नाकाचा शेंडा सुटायच्या बेतात असतो आणि कान गेलेलेच असतात. एफ ५.६ ला सहा सेंटिमीटर मिळतात, एफ ८ ला नऊ. माझे बहुतेक फोटो एफ ४ आणि एफ ५.६ च्या मधले आहेत. पूर्ण उघड्या लेन्सचा मोह आवरा, विशेषतः पहिल्या महिन्यात. समोरच्याला पाठ नसलेल्या स्टुलावर बसवलं तर तो श्वासाबरोबर दोन सेंटिमीटर पुढेमागे होतो आणि तुमचा फोकस तेवढ्यात गेलेला असतो. पाठ असलेली खुर्ची द्या, किंवा खांबाला टेकवा. फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर, पापणीच्या केसांवर. दोघांचा एकत्र फोटो असेल तर दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर आणा आणि एफ ८ च्या खाली येऊ नका.

उघड्या लेन्सचा आणखी एक स्वभाव आहे. लख्ख पांढरी वस्तू फोकसच्या किंचित पुढे किंवा मागे असेल तर तिच्या कडांना जांभळी-हिरवी छटा येते. मावशीचा नऊवारीतला फोटो मी एफ २.८ ला काढला. फोकस तिच्या डोळ्यावर होता आणि नथीचे मोती दोन सेंटिमीटर पुढे. मोत्यांना जांभळी झालर आली होती. एफ ५.६ ला ती दिसेनाशी झाली. कृष्णधवल फिल्मवर हा प्रश्न रंगाचा राहत नाही, कडा फक्त किंचित मऊ होतात, आणि सोनारची ती मऊ कडा चेहऱ्याला बरी दिसते.

प्रकाश. आपल्याकडच्या कडक उन्हात १०० आयएसओ फिल्मला एफ २.८ वर १/३००० च्या आसपास शटर लागतं आणि पेंटाकॉन सिक्स १/१००० ला थांबतो. तसंही वरून पडणाऱ्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. सावलीत या. पडवी, व्हरांडा, इमारतीखालचं पार्किंग, जिथे माथ्यावर छप्पर आणि समोर उघडं आकाश आहे अशी जागा. तिथे १०० च्या फिल्मला एफ २.८ ला साधारण १/५०० आणि ४०० च्या फिल्मला एफ ५.६ ला तेवढंच मिळतं, म्हणजे हातात धरूनही काम होतं. १/२५० च्या खाली ही लेन्स हातात धरू नका, आरशाचा दणका मोठा आहे. आंब्याच्या दाट सावलीत रंगीत फिल्म वापरली तर चेहऱ्यावर हिरवा रंग चढतो, त्यापेक्षा भिंतीची सावली बरी. या कॅमेऱ्याचं फ्लॅश जुळणारं शटर फक्त १/२५ आहे, म्हणून उन्हात फ्लॅश भरायचा विचार सोडा. पांढरं धुतलेलं धोतर किंवा चादर दोघांनी धरली की खालून पुरेसा उजेड येतो. मोजणी चेहऱ्याजवळ मीटर धरून, पडणाऱ्या प्रकाशाची करा. सावळ्या चेहऱ्यावरून परतणारा प्रकाश मोजला तर मीटर तो उजळवायला निघतो आणि पांढऱ्या सदऱ्यावरून मोजला तर चेहरा बुडवतो.

मुंबई, कोकण, गोवा इथे राहत असाल तर जूनच्या आधीच साठवणीची सोय करा. लेन्ससोबत मूळची चामड्याची पेटी मिळाली तर ती कपाटावर शोभेला ठेवा, लेन्स तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि ते बुरशीचं माहेरघर आहे. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रता-मापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. अगदी कोरडंही नको, ग्रीस वाळतं. डब्यात तांदूळ घालायचा सल्ला घरोघरी मिळतो. तांदळाचा भुगा फोकसच्या आट्यात गेला की तो काढायचे पैसे तांदळाच्या पोत्यापेक्षा जास्त होतात. पावसाळ्यात दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून वापरा, निदान रिंग आणि अॅपर्चर फिरवा.

पहिला रोल असा घालवा. बारा फ्रेम, एकच माणूस, एकच खुर्ची, एकच पडवी, जमिनीवर खडूने दोन मीटरची खूण. पहिल्या तीन फ्रेम एफ २.८ ला, पुढच्या तीन एफ ४ ला, मग तीन एफ ५.६ ला आणि शेवटच्या तीन एफ ८ ला. प्रत्येकीची वहीत नोंद. निगेटिव्ह हातात आल्यावर भिंगाखाली फक्त जवळचा डोळा पाहा. तो एफ ८ लाही धूसर असेल आणि कानाचा केस लख्ख, तर बॉडीचा फोकस स्क्रीन सरकलेला आहे. दुसरा रोल भरण्याआधी कॅमेरा कारागिराकडे न्या.